दोन डॉक्टर, दोन मते आणि दोन्ही बरोबर : चौथ्या स्टेजमध्ये पुढचा उपचार कसा निवडावा?

बकुळफूल
नमस्कार. मी इथली जुनी वाचक आहे, पण धागा पहिल्यांदाच काढते आहे. वय ५८, राहणार नाशिक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला आठ वर्षे झाली. जुलै २०२३ मध्ये खोकला हटेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा डाव्या फुप्फुसाभोवती पाणी झालेले दिसले. त्या पाण्याच्या तपासणीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार, निघाला आणि पेट स्कॅनमध्ये मणक्यातही डाग आढळले. म्हणजे निदान झाले त्याच दिवशी चौथी स्टेज. आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. जनुकीय तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल (एक्झॉन १९ डिलीशन) सापडला आणि त्याच बदलावर काम करणाऱ्या ओसिमर्टिनिबची ८० मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू झाली. नखांच्या कडा सुजणे, तोंड येणे आणि अधूनमधून जुलाब एवढे सोडले, तर त्या गोळीने मला जवळजवळ दोन वर्षे माणसासारखे जगू दिले. दर रविवारी मी घरी मोडी लिपीचा वर्ग घेते, तोसुद्धा क्वचितच बुडाला.

मागच्या महिन्यात पेट स्कॅनमध्ये यकृतात दोन नवे डाग दिसले आणि फुप्फुसातली गाठही वाढलेली निघाली. नाशिकचे डॉक्टर म्हणतात, वेळ न घालवता पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिनची केमो सुरू करू. मुंबईला दुसरे मत घेतले, तर तिथले डॉक्टर म्हणाले की आधी यकृतातून पुन्हा बायोप्सी करा, त्यानंतर कदाचित नव्या औषधाच्या एखाद्या चाचणीत (क्लिनिकल ट्रायल) बसता येईल, आणि परवडत असेल तर केमोच्या जोडीला एक नवे इंजेक्शनही देता येईल. मी दोघांनाही विचारले, “तुमच्या आईला काय दिले असते?” दोघेही थोडा वेळ गप्प राहिले आणि मग दोघांनीही “दुसरे म्हणतात तेही चूक नाही,” असेच सांगितले.

यजमानांना सगळे उपचार करून पाहायचे आहेत, त्यासाठी सिन्नरजवळचा प्लॉट विकायचीही त्यांची तयारी आहे. मुलगी बेंगळुरूहून रोज एक नवा शोधनिबंध पाठवते. मला स्वतःला काय हवे आहे, हे मात्र मला अजून नीट मांडता येत नाही. जाणकार दोघेही बरोबर असतील, तेव्हा तुम्ही निर्णय कसा घेतलात? बरे होण्याचे उपाय विचारत नाही. हा आजार जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पेठकर
ताई, प्रश्न फार स्वच्छ मांडला आहे. माझ्याकडे उत्तर नाही, पण एक इशारा देऊन ठेवतो. या धाग्यावर चोवीस तासांच्या आत कोणीतरी गव्हांकुराचा रस सुचवणार.

कऱ्हाकाठ
माझ्या धाकट्या भावाला गुटख्यामुळे गालाचा कॅन्सर झाला होता. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर आजार वर्षभरात परत आला, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया शक्य नव्हती. आम्हाला ‘मेट्रोनॉमिक’ म्हणजे कमी मात्रेच्या गोळ्या घरीच घेण्याचा उपचार सुचवला गेला आणि त्याच्या जोडीला निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे इंजेक्शन, तेही अगदी थोडे. २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या मात्रेच्या जेमतेम सहा टक्के ऐकल्यावर आमच्या काकांना वाटले की आपण गरीब म्हणून डॉक्टर पाण्यात औषध कालवून देत आहेत. नंतर कळले की टाटा रुग्णालयात याच मात्रेवर रीतसर अभ्यास झाला होता आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते, तर इंजेक्शन जोडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के.

भाऊ चौदा महिने जगला. त्यातले दहा महिने तो दुकानात बसत होता. ताई, तुम्हालाही कमी मात्रेच्या इम्युनोथेरपीबद्दल विचारता येईल का?

स्टेथोस्कोप
मी कर्करोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाचेही रिपोर्ट पाहून सल्ला देत नाही, तरी काही गोष्टी सर्वसाधारणपणे सांगता येतील.

कऱ्हाकाठ यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, मात्र तो अभ्यास डोक्या-मानेच्या कर्करोगावर होता. ईजीएफआर बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात एकटी इम्युनोथेरपी सहसा फारसे काम करत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेले औषध इथे तसेच उचलता येणार नाही.

आता बायोप्सीविषयी. ओसिमर्टिनिबला न जुमानणाऱ्या पेशी वेगवेगळ्या वाटांनी निसटतात. काहींमध्ये मेट नावाच्या जनुकाच्या प्रती वाढतात, काहींमध्ये ईजीएफआरमध्येच नवा बदल होतो, आणि थोड्या रुग्णांत तर कर्करोगाची जातच बदलून तो ‘स्मॉल सेल’ प्रकारचा होतो. हा शेवटचा बदल रक्तातून केलेल्या ‘लिक्विड बायोप्सी’त कळत नाही, त्यासाठी गाठीचा तुकडाच पाहावा लागतो. तसे निघाले तर केमोची औषधेही बदलतात. मुंबईच्या डॉक्टरांचा आग्रह यासाठी असावा. नाशिकच्या डॉक्टरांची घाईही अनाठायी नाही, कारण यकृतातले डाग वेगाने वाढत असतील तर अहवालाची वाट पाहण्यात गेलेले दोन-तीन आठवडे महागात पडू शकतात. या दोन मतांमधला फरक ज्ञानाचा नाही, कोणती जोखीम आधी टाळायची याचा आहे.

गव्हांकुर
ताई, केमो हे विष आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी सर्व औषधे बंद करून गव्हांकुराचा रस, गोमूत्र अर्क आणि साखर पूर्ण वर्ज्य हा प्रयोग केला व ते ठणठणीत आहेत. एकदा विचार व्हावा.

पेठकर
अकरा तास. माझा अंदाज चुकला, मी क्षमा मागतो.

बकुळफूल
पेठकर, दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या आजारावर मला हसवले. गव्हांकुर, तुमच्या भावनेचा आदर आहे. साखर सोडायला सांगणारे आतापर्यंत तुम्ही सतरावे. दोन महिने सोडली होती. वजन चार किलोंनी उतरले, तेव्हा डॉक्टरांनी लाडू खायला सांगितले. तो या आजारातला माझा सर्वांत आवडता सल्ला आहे.

स्टेथोस्कोप
एक गंभीर जोड. वनस्पतींचे अर्क आणि काढे यकृतावर काम करतात आणि या गोळ्याही यकृतातूनच जातात. काय घेत आहात ते डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून रुग्ण सांगत नाहीत आणि मग यकृताचे एन्झाइम वाढले की आम्ही चुकीच्या औषधाला दोष देत बसतो.

खडूफळा
मी संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यकातले मला कळत नाही. पण ताईंच्या मुलीने पाठवलेले निबंध कसे वाचावेत, याबद्दल थोडे लिहितो. त्यात ‘अमुक महिने’ असा जो आकडा असतो तो बहुतेक वेळा सरासरी नसतो, मध्यक असतो. शंभर रुग्ण रांगेत उभे केले आणि पन्नासाव्यापाशी बोट ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. एक्कावन्नावा रुग्ण त्याच्या दुसऱ्याच दिवशी जाऊ शकतो आणि नव्वदावा चार वर्षे काढू शकतो. अशा रांगेची उजवी बाजू बरेचदा शेपटीसारखी लांबते, कारण डावीकडे शून्याच्या पलीकडे जाता येत नाही, उजवीकडे तशी भिंत नसते.

ताई, ओसिमर्टिनिबच्या मूळ अभ्यासात आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक १८.९ महिने होता. तुम्हाला त्याहून जास्त मिळाले. म्हणजे तुम्ही पन्नासाव्याच्या पुढे उभ्या होता, पण किती पुढे, हे त्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते.

शेंदूर
खडूफळा सर, माझे वडील रांगेत पन्नासाव्याच्या खूप अलीकडे होते. आकडे समजावून सांगणाऱ्या प्रत्येकाचा मला तेव्हा राग यायचा. आज तुमचे वाचून तेवढा आला नाही, एवढे नोंदवते.

खडूफळा
शेंदूर, तुमचा राग रास्त होता. शेपटी उजवीकडे लांबते, हे सांगणाऱ्याने डावीकडच्या पन्नासांचेही नाव घ्यायला हवे. माझ्याकडून ते राहिले.

बकुळफूल
यजमानांच्या मनात एक खंत घर करून बसली आहे. गोळीबरोबर सुरुवातीपासून केमो दिली असती तर आणखी वर्षभर मिळाले असते, असे त्यांनी कुठेतरी वाचले. तेव्हापासून ते पहिल्या डॉक्टरांना मनोमन दोष देतात आणि स्वतःलाही. यात तथ्य आहे का?

स्टेथोस्कोप
तथ्य आहे, पण तारखा पाहा. ओसिमर्टिनिबला केमोची जोड दिली तर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक सुमारे १६.७ महिन्यांवरून २५.५ महिन्यांवर जातो, असे दाखवणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. तुमची गोळी त्याआधी सुरू झाली होती. त्या दिवशी तुमच्या डॉक्टरांनी हाती असलेल्या माहितीतला योग्य उपचार दिला. त्याआधी आपल्याकडे, टाटा रुग्णालयात, जेफिटिनिब या जुन्या गोळीला केमोची जोड देऊन ३५० रुग्णांवर अभ्यास झाला होता. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला, पण गंभीर दुष्परिणाम होणाऱ्यांचे प्रमाणही जवळपास दुप्पट झाले. जोड दिली असती तर त्या दोन वर्षांत तुमचे किती रविवार गेले असते, तोही हिशेब यजमानांना करायला सांगा.

सांजवात
हिशेबाचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या पतींना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असते आणि त्यावर मी दुधाचे खाडे मांडते. त्यांची दुसरी केमो सुरू झाली, तेव्हा ज्या दिवशी आम्ही दवाखान्यात जाऊ, त्या तारखेवर मी लाल फुली मारू लागले. आधी कारण साधेच होते, त्या दिवशी घरी कोणी नसणार म्हणून दूध नको. तीन महिन्यांनी पान उलटून मागे पाहिले, तर अर्ध्याच्या आसपास तारखांवर फुल्या होत्या. केमोचा एक दिवस, त्याआधी रक्ततपासणीचा, पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून इंजेक्शनाचा, ताप आला म्हणून भरती, सलाईन, रिपोर्ट आणायचा दिवस, विम्याच्या सहीचा दिवस. ते पाहून हे म्हणाले, “दुधाचे नाही, हे माझेच खाडे मांडले आहेस.”

त्यानंतर आम्ही प्रत्येक उपचाराबद्दल डॉक्टरांना एकच जादा प्रश्न विचारू लागलो, यात खाडे किती पडतील? पहिल्यांदा त्यांना तो कळला नाही. नंतर ते स्वतःच सांगू लागले.

निळीशाई
सांजवात, हे वाचून मी उठून आमच्या घरचे २०२१ चे कॅलेंडर काढले. आमच्या फुल्या निळ्या होत्या. पुढे लिहवत नाही, उद्या लिहीन.

पेठकर
चाचणीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे, कोणाला आवडणार नाही. चौथ्या स्टेजच्या माणसापुढे चाचणीचा कागद ठेवणे म्हणजे बुडणाऱ्याला काडी विकणे आहे. कंपनीला आकडे हवे असतात, डॉक्टरला शोधनिबंध हवा असतो, आणि प्रयोगाचा उंदीर होतो आपला माणूस. माझ्या मेहुण्याच्या वेळी एका मोठ्या रुग्णालयात इंग्रजीतल्या वीस पानांवर दहा मिनिटांत सह्या घेतल्या होत्या.

निळीशाई
पेठकर, तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीत जे झाले ते चूकच होते. पण माझी आई अशा चाचणीत होती, म्हणून दुसरी बाजू मांडते.

संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत मागता येते, आम्ही मराठीत मागितले आणि ते घरी नेऊन चार दिवस वाचले. चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असावी लागते आणि ती नोंद कोणालाही संगणकावर पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी ठरलेली आहे, आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येते. ‘निम्म्यांना साखरेची गोळी देतात’ ही भीतीही कर्करोगाच्या चाचण्यांत बहुधा खरी नसते. तुलनेच्या गटाला सहसा तेव्हाचा प्रचलित उपचारच मिळतो.

पण एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. चाचणीचा पहिला हेतू औषधाबद्दल शिकणे हा असतो. आईला फायदा होणे हे त्या कागदावर कुठेही वचन म्हणून लिहिलेले नव्हते. आम्ही ते ओळींच्या मधे वाचले. तिचा आजार चार महिन्यांनी वाढला. ती म्हणायची, “माझ्या रक्ताच्या पन्नास नळ्या कोणाच्या तरी कामी येतील.” तिला त्यात खरेच समाधान होते, मला नव्हते. दोन्ही एका घरात राहिले.

पेठकर
निळीशाई, तुम्ही लिहिले त्यातले ‘घरी नेऊन चार दिवस वाचले’ हे आमच्याकडे झाले असते, तर माझे मत कदाचित वेगळे असते. उंदीर हा शब्द मागे घेतो. काडी मागे घेत नाही.

दूरदेशी
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, माझ्या सासूबाईंचा उपचार इथेच चालू आहे. पैशाचा प्रश्न कुटुंबावर येत नाही, हे खरे. पण महाग औषध द्यायचे की नाही, हे सरकारी संस्था खर्च आणि लाभ मांडून ठरवते, आणि नकार आला तर तोही निमूटपणे घ्यावा लागतो. तुमच्याकडे प्लॉट विकायचा की नाही, हा प्रश्न घरात येतो. आमच्याकडे तो कुठल्यातरी समितीत सुटतो आणि घरात येते ती फक्त चिडचिड.

शेंदूर
प्लॉटबद्दल लिहायचे होतेच. वडिलांच्या वेळी आम्ही दोन एकर विकले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते का, हे कोणी आधी सांगितलेच नाही. रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, हेही शेवटच्या महिन्यात कळले. ताई, तुम्ही हे सगळे विचारले असेलच. माझा मुद्दा वेगळा आहे. वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिले की आपल्यापायी पोरांची जमीन गेली, आणि आम्हाला वाटत राहिले की जमीन विकली म्हणजे प्रयत्नात कसर राहिली नाही. आम्ही जमीन त्यांच्यासाठी विकली की स्वतःच्या मनासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही. यजमानांशी हे बोलून घ्या, आणि ते सही करायच्या आधी बोला.

बकुळफूल
शेंदूर, तुमचे लिहिणे मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत आणि गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालू लागले. पाणी सकाळीच घातलेले होते.

स्टेथोस्कोप, त्या नव्या इंजेक्शनाने नेमका किती फरक पडतो, हे आकड्यांत सांगता येईल का? मुलगी म्हणते ‘लक्षणीय’. मला तो शब्द पुरत नाही.

स्टेथोस्कोप
मुंबईच्या डॉक्टरांनी सुचवलेले इंजेक्शन अमिव्हॅन्टामॅब असावे, असे धरून लिहितो. ओसिमर्टिनिबनंतर आजार वाढलेल्या रुग्णांत नुसत्या केमोने आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक ४.२ महिने आला आणि केमोला या इंजेक्शनाची जोड दिल्यावर ६.३ महिने. ‘लक्षणीय’ हा शब्द संख्याशास्त्राच्या अर्थाने खरा आहे. दोन महिने तुमच्या दृष्टीने लक्षणीय आहेत का, हे अभ्यास सांगत नाही.

आता सांजवात यांच्या मापाने मोजू. नुसती केमो असेल तर २१ दिवसांतून एक दिवस सलाईनचा, एक रक्ततपासणीचा आणि मधे एखादा अडचणीचा धरा. इंजेक्शन जोडले तर पहिली मात्राच दोन दिवसांत विभागून देतात, पहिले चार आठवडे दर आठवड्याला यावे लागते आणि त्यानंतर ते तीन आठवड्यांच्या चक्रात बसते. पहिल्या मात्रेच्या वेळी थंडी-ताप किंवा दम लागणे अशी प्रतिक्रिया बऱ्याच जणांना येते. अंगावर पुरळ आणि नखांचा त्रास तुम्हाला गोळीने होतच होता, तो वाढू शकतो. नखांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही बोरू धरता.

बकुळफूल
बोरू धरते, हे तुम्हाला कसे कळले?

स्टेथोस्कोप
मोडी शिकवता असे लिहिले होते. माझे आजोबा बोरूनेच लिहीत, म्हणून अंदाज केला. आणि हाच मुद्दा पुढे नेतो. केमोत पॅक्लिटॅक्सेल असते तर बोटांना मुंग्या आणि बधिरपणा येण्याची शक्यता बरीच असते. पेमेट्रेक्सेडमध्ये ती पुष्कळ कमी असते. तुम्ही बोटांबद्दल डॉक्टरांना सांगितले आहे का? रुग्ण आम्हाला दुखते कुठे ते सांगतात, काय करायचे आहे ते क्वचित सांगतात.

मिठागर
विषयांतर होईल, पण राहवत नाही. आम्ही वडिलांना त्यांच्या आजाराचे नाव शेवटपर्यंत सांगितले नव्हते. ‘गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल’ असेच म्हणत राहिलो. इथे ताई स्वतःचे रिपोर्ट स्वतः वाचून प्रश्न विचारत आहेत, हे पाहून वाटते की आम्ही त्यांचा निर्णय चोरला. की त्यांची झोप वाचवली? बहीण म्हणते झोप वाचवली.

बकुळफूल
मिठागर, तुमच्या वडिलांना काय हवे होते, ते मी सांगू शकणार नाही. माझ्यापुरते सांगते. पहिल्या महिन्यात पाकीट घरी आले की यजमान ते आधी उघडत आणि चेहरा नीट करून मग माझ्याकडे देत. त्या चेहऱ्यावरून मी जे वाचत असे, ते रिपोर्टपेक्षा नेहमीच वाईट असे. तेव्हापासून माझे पाकीट मीच उघडते.

सांजवात
आणखी एक सुचवते आणि कृपया दचकू नका. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या डॉक्टरांना आताच भेटा. आपल्याकडे तो शब्द ऐकला की ‘आता काही उरले नाही’ असाच अर्थ लावतात, आम्हीही लावला आणि पाच महिने वाया घालवले. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून ही शुश्रूषा दिली. त्यांचे मन जास्त शांत राहिले, शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी झाले, आणि मध्यक काढला तर ती माणसे जगलीही जास्त, ८.९ ऐवजी ११.६ महिने. हे सलाईन थांबवल्यानंतरचे काम नाही, सलाईन चालू असतानाचे आहे.

यांच्या पाठीतल्या कळा तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळीने थांबल्या, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर दाढी केली. मॉर्फिनची सवय लागेल म्हणून आमचे नातेवाईकच जास्त घाबरले होते. अमली पदार्थांच्या कायद्यातली जाचक अट २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाली आहे, तरी ही गोळी प्रत्येक दुकानात मिळत नाही; कुठे मिळते ते आधी विचारून ठेवा. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. नाशिकमधले इथल्या कोणाला माहीत असेल तर लिहावे.

कऱ्हाकाठ
वैद्यकीय इच्छापत्राबद्दलही कोणीतरी लिहायला हवे. व्हेंटिलेटर नको, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. भावाने लिहिले नव्हते. शेवटच्या रात्री आयसीयूच्या दारात आम्ही तिघे भाऊ तीन दिशांना तोंडे करून उभे होतो. एवढेच लिहितो.

पेठकर
धागा जड झाला आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, निर्णय कसा घ्यावा हे मला अजूनही माहीत नाही, पण या दोन दिवसांत एक लक्षात आले. तुमचे दोन्ही डॉक्टर ‘किती महिने’ यावर बोलत होते. रविवारबद्दल त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

बकुळफूल (अठरा दिवसांनी)
सर्वांना आधी नमस्कार, आणि उशिराबद्दल क्षमस्व. झाले ते असे.

मी नाशिकच्या डॉक्टरांना फोन करून विचारले, “बायोप्सीसाठी किती दिवस थांबणे तुम्हाला चालेल?” ते म्हणाले, दोन आठवडे, त्यापुढे नाही. हाच प्रश्न मुंबईला विचारला, तेव्हा त्यांनी अहवाल बारा दिवसांत मिळवून देण्याचे कबूल केले. एवढा साधा प्रश्न मी आधी विचारला नव्हता, कारण दोघांपैकी एकाची बाजू घ्यायची आहे, असेच माझ्या मनात बसले होते. पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली, यकृतातून सुईने तुकडा घेतला, एक रात्र निरीक्षणाखाली ठेवले. अहवाल आला आहे : कर्करोगाची जात बदललेली नाही, मेटही नाही. ज्या चाचणीचा विचार चालला होता ती मेट असलेल्यांसाठी होती, त्यामुळे तो दरवाजा आमच्यापुरता आपोआप मिटला. पेठकरांना आनंद होईल, निळीशाईंना वाईट वाटेल, मला दोन्ही थोडे थोडे झाले.

केमो नाशिकलाच घेणार. नव्या इंजेक्शनाला मी तूर्त नाही म्हटले आहे. मुलीला हे पटलेले नाही. दोन महिने म्हणजे साठ दिवस, असे ती म्हणते. मी तिच्यासमोर कालनिर्णय ठेवून लाल फुल्या मोजल्या, तर ती म्हणाली की फुलीचा दिवससुद्धा तू जिवंत असण्याचाच दिवस आहे. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिल्या दोन चक्रांनंतरचा स्कॅन पाहून पुन्हा बोलायचे, यावर आम्ही थांबलो आहोत. प्लॉट अजून आहे. यजमानांनी दलालाला ‘सध्या नको’ असे कळवले, ‘कधीच नको’ असे नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि फॉलिक ॲसिड सुरू झाले, ते पेमेट्रेक्सेडच्या आधी द्यावे लागते. पहिले सलाईन येत्या मंगळवारी आहे. वार मी मागून घेतला, म्हणजे मळमळीचे दिवस शनिवारपर्यंत सरतील, असा अंदाज आहे. बोटांबद्दल डॉक्टरांना सांगितले. त्यांनी फाईलवर पेनने लिहून ठेवले : ‘लेखनिक’. बँकेत तीस वर्षे काढली, तिथेही हे पद मिळाले नव्हते.

स्टेथोस्कोप
आदल्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या देतील, त्यांनी एक-दोन रात्री झोप येत नाही. घाबरू नका. ताप १००.४ च्या वर गेला तर मात्र सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.

पेठकर
दरवाजा मिटल्याचा आनंद झाला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मिठागर
ताई, वेळ योग्य आहे की नाही कळत नाही, पण आमच्या घरी मिठागराच्या व्यवहाराचा एक मोडी कागद आहे. वडिलांना तो वाचून घ्यायचा होता. सावकाश चालेल.

बकुळफूल
पाठवा. फोटो सावलीत काढा, फ्लॅश नको, आणि कागदाच्या चारही कडा दिसू द्या. तारीख बऱ्याचदा अगदी खालच्या कोपऱ्यात असते. या रविवारी वाचेन. त्याच्या पुढच्या रविवारचे मंगळवारनंतर सांगते.